रोबोटिक शस्त्रक्रिया-उपकरणातील चालक यंत्रणेचे पेटंट परीक्षण कसे करावे

नागपुरात पेटंट हा विषय परका नाही. १९७५ साली पेटंट माहिती प्रणाली याच शहरात सुरू झाली आणि आज सिव्हिल लाइन्समधील राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेत नव्याने नियुक्त झालेल्या पेटंट परीक्षकांना प्रशिक्षण दिले जाते. तरीही मेकॅनिकल शाखेची पदवी घेऊन या क्षेत्रात आलेल्या तरुणासमोर, मग तो परीक्षक असो, पेटंट एजंट असो किंवा व्हीएनआयटी या येथील अभियांत्रिकी संस्थेत प्रकल्प करणारा विद्यार्थी असो, रोबोटिक शस्त्रक्रियेच्या उपकरणाचा अर्ज आला की सुरुवात कोठून करावी हेच कळत नाही. अर्ज लांबलचक असतो, आकृत्यांची संख्या मोठी असते, दाव्यांतील, म्हणजे नेमक्या कशावर हक्क हवा हे सांगणाऱ्या परिच्छेदांतील, वाक्ये संपता संपत नाहीत आणि प्रत्यक्ष यंत्रणा मात्र बोटापेक्षा बारीक नळीत बसलेली असते. अशा अर्जाचे परीक्षण नीट कसे करता येईल, याची माझ्या अनुभवाला पटलेली पद्धत येथे मांडत आहे. ती प्रामुख्याने परीक्षकासाठी असली, तरी अर्ज लिहिणाऱ्यालाही तिचा उपयोग व्हावा, कारण परीक्षक काय शोधणार आहे हे ज्याला ठाऊक असते तो विनिर्देश, म्हणजे अर्जातील शोधाचे लेखी वर्णन, अधिक प्रामाणिकपणे लिहितो.

बलाचा मार्ग आधी, दावे नंतर

बहुतेक जण पहिला दावा उघडून त्यातील शब्दांना अडखळत राहतात. माझा आग्रह असा आहे की दावे काही काळ बाजूला ठेवून आधी एका कोऱ्या कागदावर बलाचा मार्ग काढावा. रोबोटच्या बाहूवरील मोटर, तिच्या तोंडावरची चकती, बाहू आणि उपकरण यांच्या मध्ये बसणारा निर्जंतुक जोडभाग म्हणजे ॲडॉप्टर, उपकरणाच्या मागच्या डब्यातील इनपुट चकती, तिला जोडलेला फिरता ड्रम म्हणजे कॅप्स्टन, त्यावर गुंडाळलेली केबल, लांब नळी, मनगटातील पुल्या आणि शेवटी जबडा, अशी ही साखळी असते. प्रत्येक कडीपाशी काय फिरते, काय सरकते, किती सरकते आणि ते परत मूळ जागी कशामुळे येते, एवढे लिहावे. केबल फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. त्यामुळे प्रत्येक हालचालीच्या परतीसाठी दुसरी केबल, केबलचीच परतीची बाजू किंवा स्प्रिंग असावीच लागते, आणि अर्जात ती परतीची सोय सापडत नसेल तर पहिली शंका तेथेच नोंदवून ठेवावी.

सर्वच उपकरणे केबलवर चालत नाहीत. स्टेपलरसारख्या जास्त बल लागणाऱ्या साधनात फिरता शाफ्ट आणि लीड स्क्रू असतो, आणि तो शाफ्ट वाकलेल्या मनगटातून न्यायचा असेल तर युनिव्हर्सल जॉइंट लागतो, ज्याच्या एकाच सांध्यात येणारा वेगाचा चढउतार अर्जदाराने कसा हाताळला आहे हे पाहावे लागते. काही साध्या पकडींत ढकल-ओढ करणारा दांडा पुरतो. परंतु परीक्षकाच्या टेबलावर येणारा खरा किचकट भाग केबलचाच असतो, म्हणून पुढील विवेचन तिच्याभोवती ठेवतो.

केबलच्या यंत्रणेत एक गणित हाताने करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. मनगट वर-खाली वाकवणाऱ्या अक्षावर, म्हणजे पिच अक्षावर, ३ मिलिमीटर त्रिज्येची पुली आहे आणि जबड्याच्या केबलच्या दोन्ही बाजू त्या अक्षाच्या विरुद्ध अंगांनी पुढे जातात असे समजा. मनगट ३० अंशांनी वाकवले की एका बाजूच्या केबलला सुमारे १.५७ मिलिमीटर जास्त लांबी लागते आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच ढिलेपणा येतो. जबड्याची मोटर स्थिर असेल आणि जबड्याच्या पुलीची त्रिज्याही ३ मिलिमीटरच असेल, तर शल्यविशारदाने जबड्याला कोणतीही आज्ञा दिलेली नसताना जबडा ३० अंशांनी फिरेल. एका सांध्याची हालचाल दुसऱ्यात उतरण्याच्या या दोषालाच कपलिंग म्हणतात आणि या क्षेत्रातील कितीतरी अर्ज मुळात त्याच्याच निवारणासाठी केलेले असतात.

हे निवारण तीन ठिकाणी होऊ शकते. नियंत्रक संगणक मनगटाच्या कोनानुसार जबड्याची मोटर तेवढीच फिरवतो, हा पहिला मार्ग. मागच्या डब्यात सरकती चौकट किंवा डिफरन्शियल पुली बसवून केबलची लांबी यांत्रिक रीतीनेच भरून काढली जाते, हा दुसरा. तिसऱ्या मार्गात केबल पिच अक्षाच्या इतक्या जवळून नेली जाते की वाकवताना तिची लांबी जवळपास बदलतच नाही. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्हींचा परिणाम सारखा दिसतो. परीक्षकासाठी मात्र ही तीन निराळी तांत्रिक उत्तरे आहेत, त्यांचे आधीचे दस्तऐवज निराळ्या वर्गांत सापडतात आणि त्यांना लागू होणारी कायद्याची कलमेही निराळी आहेत. अर्जदाराने यांपैकी कोणता मार्ग घेतला आहे हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर अर्ज अजून समजलेला नाही असे धरून आकृत्यांकडे परत जावे.

ज्यांना हे कागदावर उमगत नाही त्यांनी शिवणाच्या दोऱ्याची दोन रिकामी रिळे, जाड पुठ्ठा आणि दोन टाचण्या घेऊन हे मनगट टेबलावर बनवून पाहावे. पहिल्या रिळावरून दोऱ्याच्या दोन बाजू विरुद्ध अंगांनी नेऊन दुसऱ्या रिळावर बांधल्या आणि पुठ्ठा वाकवला की दुसरे रीळ आपोआप वळताना दिसते. त्याचबरोबर नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयातील एखाद्या परिचित शल्यविशारदाकडून साधी लॅपरोस्कोपीची पकड हातात घेऊन पाहता आली तर फारच चांगले, कारण मूठ दाबल्यावर टोकापर्यंत किती बल पोहोचते याचा अंदाज हातालाच येतो. मात्र परीक्षकाने तेथे प्रलंबित अर्जाविषयी अवाक्षरही काढू नये. पेटंट कायद्याच्या कलम ७६ प्रमाणे पेटंट कार्यालयातील व्यक्तीला तशी माहिती बाहेर देण्याची मनाई आहे.

घर्षणाचाही हिशोब करावा. स्थिर वळणावरून केबल ओढली की ताण घातांकी प्रमाणात वाढतो. घर्षणांक ०.१ धरला तर ९० अंशांच्या एका वळणावर सुमारे १७ टक्के आणि तशा चार वळणांवर सुमारे ८७ टक्के जास्त ताण लागतो. अर्जदार जेव्हा ‘घर्षण लक्षणीय कमी होते’ असे लिहितो तेव्हा त्याने वळणे कमी केली, वळणाचा कोन कमी केला की स्थिर मार्गदर्शकाच्या जागी फिरती पुली बसवली, हे आकृतीत बोट ठेवून दाखवता आले पाहिजे.

दाव्याचे तुकडे

आता दावा उघडावा. समजा तो असा आहे: रोबोटिक शस्त्रक्रिया-उपकरणासाठी चालक यंत्रणा, जिच्यात (क) चौकट (१०), (ख) त्या चौकटीत फिरता बसवलेला कॅप्स्टन (१२), (ग) कॅप्स्टनपासून मनगटाच्या सांध्यापर्यंत जाणारी केबल (१४), आणि (घ) चौकटीत सरकणाऱ्या दांड्यावर बसवलेली ताण-पुली (१६) असून, (च) निर्जंतुक ॲडॉप्टर बसवताना तो दांडा ढकलला जाऊन केबलला ताण मिळतो व ॲडॉप्टर काढताच तो ताण नाहीसा होतो.

प्रत्येक तुकडा बलाच्या मार्गाच्या आपल्या आकृतीवर ठेवून पाहावा. पहिले तीन तुकडे या क्षेत्रात सर्वत्र आढळतात. (घ) मध्ये काही नवे असू शकते, नसूही शकते. शोध असलाच तर तो (च) मध्ये आहे, आणि नेमका तोच तुकडा काय घडते ते सांगतो, कशाने घडते ते सांगत नाही. दांडा कोणत्या पृष्ठभागाने ढकलला जातो, तो परत कशाने येतो, दांडा अर्ध्यावर अडकला तर काय, यांची उत्तरे विनिर्देशात आहेत का ते पाहावे. ती असतील तर ती रचना दाव्यात आणण्यास सांगता येते. नसतील तर आक्षेप अधिक गंभीर होतो, कारण कलम १० प्रमाणे शोधाचे व तो अमलात आणण्याच्या पद्धतीचे पूर्ण वर्णन असणे आणि दावे त्या वर्णनावर आधारलेले असणे बंधनकारक आहे.

वर्णन पुरेसे आहे की नाही हे ठरवताना प्रत्येक आकडा मागण्याची सवय लावून घेऊ नये. जाणकार अभियंता पुलीचा व्यास स्वतः ठरवू शकतो. परंतु दावा केलेला परिणाम ज्या आकड्यावर उभा आहे तो आकडा किंवा त्याची मर्यादा लपवलेली असेल, उदाहरणार्थ केबल व पुली यांच्या व्यासांच्या विशिष्ट गुणोत्तरामुळे आयुष्य वाढते असे म्हणून ते गुणोत्तरच दिलेले नसेल, तर आक्षेप घ्यायलाच हवा.

आधीच्या दस्तऐवजांचा शोध कोठे घ्यावा

पेटंट दस्तऐवजांची विषयवार मांडणी करणाऱ्या सीपीसी या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात शस्त्रक्रियेचे रोबोट ए६१बी ३४/३० मध्ये आणि केबलने चालणारी यंत्रणा ए६१बी ३४/७१ मध्ये येते. ढिलेपणा काढणाऱ्या ताण-यंत्रणेसाठी ए६१बी २०३४/७१५ आणि मनगटाच्या तपशिलासाठी ए६१बी २०३४/३०५ हे उपयोगी संकेत आहेत. लॅपरोस्कोपीच्या हातात धरायच्या पकडी ए६१बी १७/२९ मध्ये असतात. नवखा परीक्षक बहुधा एवढ्यावर थांबतो आणि तेथेच शोध अपुरा राहतो, कारण यंत्रणेला ती रुग्णालयात वापरली जाते की कारखान्यात याच्याशी कर्तव्य नसते. औद्योगिक रोबोटांतील केबलसाठी बी२५जे ९/१०४, मनगटाच्या सांध्यांसाठी बी२५जे १७/०२, गिअर व स्क्रूच्या यंत्रणांसाठी एफ१६एच आणि आवरणातून सरकणाऱ्या केबलसाठी एफ१६सी १/१० येथेही पाहावे. शब्दांनी शोधताना केबलसाठी टेंडन, वायर, फिलामेंट आणि कॅप्स्टनसाठी ड्रम, स्पूल हे पर्यायही टाकावेत. एस्पासनेट, पेटंटस्कोप आणि आपल्या कार्यालयाची इनपास ही पेटंट शोधण्याची तिन्ही साधने विनामूल्य उपलब्ध असल्याने अर्ज करण्यापूर्वी शोधकाने स्वतःही हा शोध घ्यायला हरकत नाही.

या क्षेत्राचा इतिहास ठाऊक असेल तर शोध कितीतरी नेमका होतो. दुरून हात चालवण्याची कल्पना शस्त्रक्रियेच्या आधी अणुसंशोधनात रुजली: किरणोत्सर्गी पदार्थ हाताळण्यासाठी रेमंड गोएर्ट्झ यांनी अमेरिकेतील अर्गोन प्रयोगशाळेत १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून चालक-अनुचालक हात विकसित केले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या स्टॅनफर्ड-जेपीएल या रोबोटिक हाताला ९ सांध्यांसाठी १२ केबल्स होत्या, म्हणजे ३ सांध्यांच्या प्रत्येक बोटाला ४. त्यामुळे ‘सांध्यांच्या संख्येपेक्षा एक अधिक केबल’ एवढ्यावरच कोणी नावीन्य सांगू लागला तर उत्तर तेथे आहे. आवरणातील बोडन केबल १८९६ पासून पेटंटच्या दप्तरात आहे आणि मसर यांच्या स्ट्रेन वेव्ह गिअरचे, म्हणजे लवचीक दातेरी कडे वापरणाऱ्या गिअरचे, अमेरिकी पेटंट १९५९ चे आहे. शस्त्रक्रियेच्या उपकरणापुरते पाहायचे तर अमेरिकेच्या एमआयटीतील मढानी व सॅलिसबरी यांचे अमेरिकी पेटंट ५,७९२,१३५ हे १९९८ साली मंजूर झालेले पेटंट प्रत्येक परीक्षकाने एकदा आकृत्यांसह वाचावे. केबलने चालणाऱ्या मनगटाचे पायाभूत वर्णन त्यात मिळते. त्याची मुदत संपली आहे म्हणून ते वगळू नये. मुदत संपल्याने मक्तेदारी जाते, जाहीर झालेले ज्ञान जाहीरच राहते.

इन्व्हेंटिव्ह स्टेप: सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा

इन्व्हेंटिव्ह स्टेप म्हणजे या क्षेत्रातील जाणकाराला आधीच्या ज्ञानावरून सहज सुचणार नाही अशी तांत्रिक भर; ती नसेल तर दावा ‘उघड’ ठरतो. वरील कल्पित दाव्याच्या शोधात दोन दस्तऐवज सापडले असे धरू. डी१ मध्ये कॅप्स्टन व केबल असलेले शस्त्रक्रियेचे उपकरण आहे, ज्यात ताण कारखान्यातच कायमचा दिलेला असतो. डी२ मध्ये औद्योगिक रोबोटाची ताण-पुली आहे, जी स्प्रिंगने केबल सतत ताणलेली ठेवते. घाईतला परीक्षक लिहितो की डी१ व डी२ एकत्र केल्यास दावा उघड आहे. मी तसे लिहिणार नाही. डी२ मधील ताण सतत असतो. दाव्यातील ताण उपकरण रोबोटला जोडलेले असतानाच असतो. हा फरक दिसायला छोटा आहे, पण त्यामागची अडचण खरी आहे: अशी उपकरणे प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर धुऊन, अनेकदा १३४ अंश सेल्सिअसच्या वाफेत निर्जंतुक करून पुन्हा वापरली जातात, आणि ताणलेल्या अवस्थेत तापलेली व नंतर साठवलेली यंत्रणा आपला ताण हळूहळू गमावू शकते. डी१ वाचणाऱ्या जाणकाराला ही अडचण जाणवली असती का, आणि जाणवली असती तर डी२ ने त्याला ताण काढून घेण्याची दिशा दाखवली असती का, हा प्रश्न विचारावा. डी२ तर ताण कधीच कमी होऊ नये याच दिशेने नेतो. म्हणून केवळ या दोन दस्तऐवजांवर आक्षेप टिकत नाही. जोडणीच्या हालचालीनेच ताण देणारा तिसरा दस्तऐवज शोधावा, आणि तो मिळाला नाही तर तसे मान्य करण्यात परीक्षकाला संकोच वाटू नये.

याच्या उलट, अर्जदाराने कॅप्स्टनचा व्यास बदलला, दोनाऐवजी तीन पुल्या लावल्या किंवा स्टीलच्या केबलच्या जागी टंगस्टनची केबल घेतली, आणि त्यातून अपेक्षित तेवढाच फायदा झाला, तर ती कार्यशाळेतील सुधारणा आहे. भांडी तयार करण्याच्या यंत्रणेवरून झालेल्या बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हीच रेषा आखली: सुधारणा ही निव्वळ कार्यशाळेतील सुधारणेपेक्षा काही अधिक असली पाहिजे, आणि ज्ञात भागांचा संयोगही त्यांच्या परस्परसंबंधातून नवा किंवा सुधारलेला परिणाम देत असेल तर पेटंटला पात्र ठरू शकतो. यांत्रिक अर्ज तपासणाऱ्याने हा निकाल मुळातून वाचावा.

कशाला पेटंट मिळत नाही हे सांगणाऱ्या कलम ३ मधील ३(फ) चा आक्षेपही याच कसोटीवर घ्यावा. ज्ञात साधने प्रत्येकी स्वतंत्रपणे आपापले ज्ञात काम करत केवळ शेजारी मांडली असतील तर ते कलम लागू होते. ॲडॉप्टरच्या हालचालीने दांडा सरकतो, दांड्याने केबल ताणली जाते आणि त्या ताणानेच जबड्याचा ढिलेपणा जातो, असा एकाचा परिणाम दुसऱ्यावर होत असेल तर हे कलम लावणे योग्य नाही. प्रत्येक यांत्रिक अर्जाला ते सरसकट चिकटवण्याची सवय मला मनापासून खटकते, कारण त्याला उत्तर देण्यात शोधकाचा पैसा आणि महिने खर्ची पडतात.

कलम ३ मधील आणखी दोन गाठी

उपकरण आणि त्याची यंत्रणा यांना कलम ३(आय) आड येत नाही. ते आड येते ते शस्त्रक्रियेने उपचार करण्याच्या पद्धतीच्या दाव्याला. ‘उपकरण रुग्णाच्या पोटात घालून ऊतक पकडण्याची पद्धत’ असा दावा असेल तर आक्षेप घ्यावा; उपकरण रोबोटला जोडल्यावर, रुग्णाला स्पर्श होण्यापूर्वी, केबलचा ताण मोजून शून्यस्थिती ठरवण्याची पद्धत मात्र उपचार नव्हे, तिचा विचार वेगळा करावा. कपलिंगचे निवारण नियंत्रक संगणकाने होत असेल तर निव्वळ संगणक-प्रोग्राम व सूत्रे पेटंटबाहेर ठेवणारे कलम ३(के) पाहावे लागते. तेथे दावा निव्वळ सूत्रावर थांबतो की मोटर, कोनमापक आणि केबल यांच्या प्रत्यक्ष रचनेत ते सूत्र गुंतलेले आहे, हे बारकाईने वाचावे. एकाच अर्जात यांत्रिक निवारण आणि संगणकीय निवारण असे दोन स्वतंत्र दावे असतील तर दोहोंना जोडणारी एकच कल्पना आहे का, हेही तपासावे.

अहवाल आणि त्यानंतर

पहिल्या परीक्षण अहवालात ‘डी१ मध्ये सर्व वैशिष्ट्ये उघड आहेत’ हे वाक्य कधीही एकटे सोडू नये. ‘दाव्यातील कॅप्स्टन (१२) हा डी१ च्या आकृती ४ मधील ड्रम २२ शी जुळतो, सरकता दांडा डी१ मध्ये नाही, तो डी२ च्या आकृती २ मध्ये आहे, मात्र तेथे तो स्प्रिंगने सतत दाबलेला आहे’ अशा रीतीने तुकड्यामागून तुकडा, आकृतीच्या क्रमांकासह लिहावे. जे सापडले नाही तेही लिहावे. उत्तर देण्यासाठी अर्जदाराला ६ महिने मिळतात, मुदत मागितल्यास आणखी ३. त्या काळात त्याला नेमके काय सुधारायचे आहे हे अहवालातूनच कळायला हवे. महाराष्ट्रातील अर्ज मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येतात आणि पत्रव्यवहार ऑनलाइन होतो, त्यामुळे नागपूरच्या शोधकाची परीक्षकाशी पहिली ओळख बहुधा या अहवालातूनच होते.

उत्तरासोबत दुरुस्त दावे आले की दुरुस्तीच्या मर्यादा सांगणारे कलम ५९ समोर ठेवावे. दुरुस्त दावा पूर्वीच्या दाव्याच्या व्याप्तीत पूर्णपणे सामावला पाहिजे आणि मूळ विनिर्देशात नसलेली कोणतीही गोष्ट त्यात येता कामा नये. आपल्या उदाहरणात अर्जदाराने (च) ला ‘ॲडॉप्टरवरील उतरत्या पृष्ठभागाने’ असे शब्द जोडले आणि तो उतार मूळ आकृतीत स्पष्ट दिसत असेल, तर दुरुस्ती स्वीकारावी. त्याने दांडा काढून टाकून त्याजागी ‘ताण नियंत्रित करणारा प्रोसेसर’ आणला, तर ती व्याप्ती मर्यादित करणे नसून दुसराच शोध मांडणे होय आणि ती नाकारावी. उतार मूळ आकृतीत खरोखर आहे की नंतरच्या पत्रातील सुधारित आकृतीत आला आहे, हे अर्जाच्या दिनांकाची प्रत उघडून पडताळावे आणि त्या आकृतीचा क्रमांक टिपणीत नोंदवूनच फाइल निर्णय देणाऱ्या पेटंट नियंत्रकाकडे पाठवावी.